'पंचांनी हरवलं!': एका वाक्यात लपलेले तीन प्रश्न



पेटच्या मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाकडे विषय असतो, प्रश्न मात्र फार थोड्यांकडे असतो. "सर, मला खेळ आणि मानसशास्त्र यावर काम करायचंय" हा झाला विषय. समोरचे विचारतात, "बरं, पण शोधायचं काय आहे?" आणि तिथे गाडी अडते. माझीही अडली होती. म्हणून आज विषयाचा प्रश्न कसा करायचा, हे एका हरलेल्या सामन्याच्या मदतीने बघू.

सामना ऑस्ट्रेलियातला आहे आणि खेळ आहे रग्बी लीग. तो आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, आणि म्हणूनच मी तो निवडलाय. दोन्ही संघांशी आपलं काही देणंघेणं नाही, त्यामुळे डोकं थंड ठेवून विचार करता येईल. (शेवटाकडे मी ते थोडं तापवणार आहे, पण ते नंतर.)

आधी खेळ समजून घेऊ

रग्बी लीगमध्ये प्रत्येक बाजूला १३ खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू हातात घेऊन पळायचं, पास पुढे द्यायचा नाही, आणि समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवायचा. याला म्हणतात 'ट्राय'. त्याचे ४ गुण, आणि त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २. पेनल्टीवर थेट किक मारून गोल केला तर २ गुण.

या लेखासाठी महत्त्वाचा नियम पुढचा आहे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाला सहा टॅकल मिळतात. सहाव्यांदा त्यांचा खेळाडू पकडला गेला की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' होते ना, तसाच शेवटच्या टॅकलचा दबाव असतो. पण मध्येच समोरच्या संघाने चेंडू खेळताना त्याला हात लावला आणि चेंडू पुन्हा हल्ला करणाऱ्यांकडेच आला, तर मोजणी नव्याने सुरू होते. पंच हात डोक्यावर हलवून तसा इशारा करतात. या इशाऱ्याला सगळे 'सिक्स अगेन' म्हणतात: आणखी सहा.

६ ऑक्टोबर २०१९, सिडनी

एनआरएल ही तिथली मुख्य लीग. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्स आणि कॅनबेरा रेडर्स समोरासमोर होते. रूस्टर्स आदल्या वर्षीचे विजेते. कॅनबेराने शेवटचं विजेतेपद १९९४ मध्ये मिळवलं होतं आणि त्यानंतर ते पहिल्यांदाच अंतिम फेरीत आले होते. त्यांचे प्रशिक्षक रिकी स्टुअर्ट १९९४ च्या त्या विजेत्या संघात स्वतः खेळले होते. म्हणजे चाहत्यांनी पंचवीस वर्षं कशाची वाट बघितली होती, याची कल्पना करा.

शेवटची आठ-नऊ मिनिटं उरली होती आणि गुणफलक ८-८ असा होता. कॅनबेराने रूस्टर्सच्या गोलरेषेजवळ चेंडू उंच किक केला. खाली घोळक्यात उड्या पडल्या, चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून मागे आला आणि कॅनबेराच्याच खेळाडूंना मिळाला. मुख्य पंच बेन कमिन्स यांनी हात वर केला: सिक्स अगेन. लगेच सहकारी पंचांचं म्हणणं ऐकून त्यांनी निर्णय बदलला, शेवटचाच टॅकल आहे असं ओरडून सांगितलं. पण तोपर्यंत कॅनबेराचा जॅक वायटन चेंडू घेऊन निघाला होता. त्याने किक मारली नाही, पास दिला नाही, तो टॅकल होऊन खाली गेला. आणखी सहा टॅकल आहेत असं समजणारा खेळाडू जसा वागेल, अगदी तसा. चेंडू रूस्टर्सकडे गेला. थोड्याच वेळात जेम्स टेडेस्कोने ट्राय केला. निकाल १४-८, विजेते रूस्टर्स.

राग यावा अशीच गोष्ट होती. कॅनबेराच्या चाहत्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर "पंचांनी आम्हाला हरवलं." आता संशोधक म्हणून या वाक्याकडे बघू. वरवर बघता हे एकच विधान आहे, पण आत निदान तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो.

प्रश्न पहिला: निर्णय चुकला का?

हा सगळ्यांत सोपा वाटतो. नियमपुस्तिका घ्या, चित्रफीत बघा, उत्तर सांगा. पण कुठला निर्णय? पहिला इशारा की नंतरचा बदल?

चेंडू रूस्टर्सच्या खेळाडूला लागला नव्हता, त्यामुळे 'शेवटचा टॅकल' हा अंतिम निर्णय बरोबर होता, चुकला तो आधीचा इशारा, अशी भूमिका लीगच्या अधिकाऱ्यांनीही नंतर मांडली. मग रूस्टर्सचा चाहता म्हणणार, "झालं तर! बरोबर निर्णय मिळाला, रडता कशाला?" आणि कॅनबेराचा चाहता म्हणणार, "खेळाडूने पंचाच्या इशाऱ्यावर भरवसा ठेवून खेळायचं नाही, तर कशाच्या भरवशावर खेळायचं?"

गंमत अशी की दोघंही बरोबर आहेत. एक जण वस्तुस्थितीबद्दल बोलतोय, दुसरा प्रक्रियेबद्दल. 'चूक' हा शब्द दोघांच्या तोंडी आहे, पण अर्थ वेगळा आहे. असे दोन माणसं रात्रभर भांडू शकतात आणि एकमेकांच्या मुद्द्याला स्पर्शही होणार नाही.

आपल्या भाषेत याला म्हणतात कार्यात्मक व्याख्या. 'चूक' म्हणजे मी नेमकं काय मोजणार? चेंडू कुणाला लागला याविषयी पंचाचं मत चित्रफितीशी जुळलं नाही, ही एक व्याख्या. दिलेला इशारा खेळ चालू असताना मागे घेतला, ही दुसरी. दोन्ही चालतील. पण मोजणी सुरू करण्याआधी एक निवडायला हवी. मोजता मोजता बदललीत, तर तुम्ही संशोधक राहिला नाहीत, चाहते झालात.

प्रश्न दुसरा: त्या निर्णयामुळे हरले का?

इथे चित्रफीत कितीही वेळा बघितली तरी उपयोग नाही. कारण हा प्रश्न जे घडलं त्याचा नाही, जे घडलं नाही त्याचा आहे. सिक्स अगेन कायम राहिलं असतं, तर कॅनबेरा जिंकलं असतं का? तो सामना कुणीच बघितलेला नाही.

जास्तीत जास्त काय करता येईल? बरोबरीचे गुण, शेवटची काही मिनिटं आणि गोलरेषेजवळ सहा नवे टॅकल, असे पूर्वीचे पुष्कळ प्रसंग जमवायचे आणि त्यातून किती वेळा गुण मिळाले ते बघायचं. म्हणजे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं येणारच नाही, शक्यतेच्या भाषेत येईल. त्या निर्णयाने कॅनबेराची जिंकण्याची शक्यता कमी झाली, हे म्हणणं अगदी रास्त आहे. "त्याच्यामुळेच हरलो" हे त्याच्या फार पुढचं विधान आहे.

शिवाय एका निकालाला अनेक कारणं असतात. त्याच सामन्याच्या उत्तरार्धात रूस्टर्सचा कूपर क्रॉंक दहा मिनिटांसाठी मैदानाबाहेर पाठवला गेला होता. दहा मिनिटं १३ विरुद्ध १२! त्या काळात कॅनबेराला एकही ट्राय करता आला नाही. उलट सुरुवातीच्या मिनिटांत त्यांनी रूस्टर्सची किक अडवली, तेव्हा तो चेंडू मैदानात उभ्या असलेल्या रूस्टर्सच्या ट्रेनरला लागला आणि स्क्रम मिळाला रूस्टर्सलाच. म्हणजे कॅनबेराचं नशीबही खराब होतं, आणि संधी हुकली हेही खरं. पण सामन्यानंतरच्या वादात सगळ्यात ठळक उरतो तो शेवटाकडचा, डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग. जे घडायचं राहून गेलं, त्याची चित्रफीत कोण कुणाला दाखवणार?

प्रश्न तिसरा: पंच आमच्या विरुद्ध आहेत का?

हा प्रश्न एका सामन्याचा नाहीच. पक्षपात म्हणजे एकाच दिशेने पुन्हा पुन्हा होणारी चूक. एका निर्णयावरून तो सिद्ध होत नाही, खोडताही येत नाही. आणि या प्रसंगात तर एक अडचणच आहे: पंचांचा पहिला, चुकलेला इशारा कॅनबेराच्या बाजूचा होता!

चाहते इथे आकडे काढतात. "आमच्याविरुद्ध पेनल्टी जास्त, त्यांच्याविरुद्ध कमी." मुलाखतीत असं कुणी सांगितलं, तर परीक्षकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्ही चुकाच जास्त केल्या नसतील कशावरून? मोजणी आहे, पण तुलनेला आधार नाही.

"मग आव्हानांचा डेटा घेऊ की," असं कुणी म्हणेल. एनआरएलमध्ये २०२० पासून कर्णधाराला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येतं. किती आव्हानं यशस्वी झाली ते बघा, कळेल पंच किती चुकतात. वाटतं छान, पण फसवं आहे. आव्हान हरलं तर पुन्हा संधी नाही, म्हणून कर्णधार त्याला चुकीचे वाटणारे निर्णयच निवडतो. असा नमुना सगळ्या निर्णयांचं प्रतिनिधित्व करत नाही. यशस्वी आव्हानांच्या टक्केवारीला पंचांच्या चुकांची टक्केवारी म्हणणं, म्हणजे दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावातली किती माणसं आजारी आहेत ते ठरवणं.

मग करायचं कसं? फुटबॉलमधलं एक उदाहरण बघा. ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर या, लिव्हरपूलच्या मैदानावरच्या सामन्यातले ४७ प्रसंग त्यांनी ४० प्रशिक्षित पंचांना दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. प्रसंग तेच, फरक फक्त आवाजाचा. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले.

इथे "एका संघाने चुकाच जास्त केल्या असतील" ही पळवाट उरत नाही, कारण दोन्ही गटांनी तेच प्रसंग बघितले. बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कुठून आला ते कळतं. प्रयोगाचा सगळा जीव यात आहे.

म्हणजे पंचांवर परिणाम होतो ही चाहत्यांची शंका अगदीच वावगी नाही. पण यात बेइमानी कुठेही सिद्ध होत नाही. गोंगाटात माणूस डगमगतो, एवढंच दिसतं. आणि सरासरीवरून एका निर्णयावर उडी मारता येत नाही. रूस्टर्स सिडनीचे, सामना सिडनीत, म्हणून तो निर्णय आवाजामुळेच बदलला असं या प्रयोगावरून म्हणता येणार नाही.

आणि बघणाऱ्याचे डोळे?

नेव्हिल यांनी पंच तपासले. पण प्रेक्षक तपासायचे तर? हे काम त्याआधी जवळजवळ अर्धं शतक झालं होतं. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. खेळ फारच धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टन १३-० असं जिंकलं. मग दोन्हीकडे आरोप सुरू झाले.

आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी सामन्याची फिल्म डार्टमथच्या ४८ आणि प्रिन्स्टनच्या ४९ विद्यार्थ्यांना दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग नोंदवायला सांगितलं. डार्टमथच्या संघाचे नियमभंग डार्टमथच्या मुलांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना ९.८. फिल्म तीच! हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही शिकवला जातो.

आता दोन्ही अभ्यास शेजारी ठेवा. नेव्हिल यांच्याकडे प्रसंग तेच, आवाज वेगळा. हॅस्टॉर्फ-कँट्रिल यांच्याकडे फिल्म तीच, बघणाऱ्याचं विद्यापीठ वेगळं. मांडणीत एक साम्य आहे, पण एक फरकही आहे आणि तो मुलाखतीत विचारला जाऊ शकतो. आवाज संशोधकाने बदलला, विद्यापीठ मात्र विद्यार्थी आपापलं घेऊन आले होते. शिवाय हॅस्टॉर्फ-कँट्रिल यांच्या अभ्यासात तटस्थ असा तिसरा गट नव्हता. त्यामुळे दोन गटांना वेगळं दिसलं एवढंच ठामपणे म्हणता येतं. प्रिन्स्टनच्या मुलांनी फुगवून मोजलं की डार्टमथच्या मुलांनी डोळेझाक केली, हे त्यातून ठरत नाही.

आता आपली पाळी

कबूल केल्याप्रमाणे डोकं तापवते. जानेवारी २००८, सिडनी कसोटी, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. ज्यांना आठवते त्यांचे हात आपोआप शिवशिवले असतील. ईशांत शर्माच्या चेंडूवर सायमंड्सच्या बॅटची कड लागली, झेल घेतला गेला, पंचांनी नाबाद दिलं. तेव्हा तो ३० वर होता, शेवटी १६२ वर नाबाद राहिला. दुसऱ्या डावात द्रविडला झेलबाद दिलं, चेंडू बॅटला लागलाच नव्हता. आपण १२२ धावांनी हरलो.

हे सगळं खरं आहे. पण त्याच कसोटीच्या पहिल्या डावात पाँटिंगला हरभजनच्या चेंडूवर पायचीत दिलं गेलं, तेव्हा चेंडू आधी बॅटला लागला होता. म्हणजे एक चुकीचा निर्णय आपल्या पदरातही पडला. हे किती जणांना आठवत होतं? मला नव्हतं. सायमंड्सचं मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं.

विरुद्ध गेलेला निर्णय आपण पुन्हा पुन्हा लावून बघतो, बाजूने आलेला तसाच खिशात घालतो. पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी १९९२ मध्ये हीच गोष्ट प्रयोगात दाखवली. विद्यार्थ्यांना लाळेने भिजवायची एक पट्टी दिली आणि सांगितलं की यातून एक तब्येतीची गोष्ट कळते. पट्टी साधा कागद होती, तिचा रंग बदलणारच नव्हता. काहींना सांगितलं होतं की रंग न बदलणं चांगलं, काहींना उलट. ज्यांच्यासाठी निकाल वाईट होता, ते जास्त वेळ थांबून राहिले आणि चाचणी पुन्हा करून बघण्याकडे त्यांचा कल जास्त होता.

माझी स्वतःची सिक्स अगेन

हे सगळं वाचून झालेलं असताना मी काय केलं ते सांगते. माझा विषय आहे, हरल्यानंतर खेळाडू कारणं कशी सांगतात. पहिल्या वर्षी कबड्डी आणि खो-खोच्या स्थानिक संघांतल्या खेळाडूंच्या मुलाखती घेतल्या. गृहीतक असं की हरलेले लोक बाहेरची कारणं जास्त देतात: पंच, मैदान, नशीब. प्रत्येक वाक्यावर 'आतलं कारण' किंवा 'बाहेरचं कारण' असं कोड टाकायचं होतं.

एक मुलगी म्हणाली होती, "आमचा सरावच कमी पडला." सरळ सरळ आतलं कारण. पण ते माझ्या गृहीतकात बसेना. मग मी मुलाखत पुन्हा वाचली. पुढे ती म्हणाली होती की मैदान संध्याकाळी दुसऱ्यांना दिलेलं असायचं. "अच्छा, म्हणजे बाहेरचं कारण!" कोड बदललं. अशी बरीच वाक्यं मी बदलली आणि प्रत्येक वेळी मला आपण फार बारकाईने काम करतोय असंच वाटलं.

तक्ते घेऊन गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "जी वाक्यं जुळली नाहीत ती तू तीन-तीनदा वाचलीस. जी जुळली ती किती वेळा?"

एकदाच. तिथल्या तिथे घाम फुटला. एका परिषदेला गोषवारा पाठवून झाला होता, तो मागे घ्यावा लागला. कोडिंग पहिल्यापासून केलं, त्यात तीन महिने गेले. नव्या कोडिंगमध्ये माझा 'छान' निष्कर्ष बराच फिका पडला. तो आता प्रबंधात तसा फिकाच जाणार आहे.

मग करायचं काय?

तुमचा विषय कुठलाही असो, या चार गोष्टी आराखड्यातच लिहून टाका:

१. मोठं विधान फोडा. काय घडलं, कशामुळे घडलं, नेहमी असंच घडतं का, हे तीन प्रश्न वेगळे लिहा. कुठल्या प्रश्नाचं उत्तर देणार आणि कुठल्याचं देऊ शकत नाही, हेही लिहा.

२. व्याख्या सामन्याआधी ठरवा. कुठल्या वाक्याला कुठलं कोड, हे डेटा बघण्याआधी उदाहरणांसकट लिहून तारीख टाका. नंतर बदल करावाच लागला, तर तो सगळ्या डेटाला लावा.

३. शक्य असेल तिथे डोळे बांधा. कोडिंग करणाऱ्याला कुठला संघ जिंकला हे माहीत नसेल, तर उत्तम. निदान काही भाग दुसऱ्या कुणाकडून कोड करून घ्या.

४. आवडलेला निकालही उलट तपासा. नावडता निकाल तीनदा तपासला असेल, तर आवडता निकालही तीनदा.

एक छोटा सराव देते. तुमच्या संघाचा असा एक सामना आठवा, जो 'पंचांमुळे' हरलो असं तुम्ही आजही म्हणता. कागदावर तीन रकाने करा: चूक झाली का, त्यामुळे हरलो का, नेहमीच असं होतं का. प्रत्येकाखाली लिहा की कुठला पुरावा मिळाला तर मी माझं मत बदलेन. एखादा रकाना कोराच राहिला, तर तिथे तुम्ही अजून चाहते आहात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्या रकान्यावर प्रबंध लिहायला घेऊ नका.

पुढच्या लेखात तिसऱ्या मुद्द्याबद्दल सविस्तर: दोन कोडरचं एकमत किती आहे हे कसं मोजायचं, आणि नुसती टक्केवारी त्यासाठी का पुरत नाही.